दिवाळी अंकाचा शेअर्ड फोल्डर आणि लिनक्सच्या परमिशन्स

आमच्याकडे दिवाळी अंकाचं काम पावसाळ्यात सुरू होतं आणि एकाच मॅटरवर चार-पाच जणांचे हात फिरतात. सकाळी टायपिंग करणारी ताई, दुपारी मुद्रितशोधनाला येणारे काका, संध्याकाळी संपादक मॅडम, पलीकडच्या खोलीत विंडोजवर पानं लावणारा ऑपरेटर आणि जाहिरातींचा हिशेब बघणाऱ्या वहिनी. आधी सगळं पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅपवर चालायचं आणि कुठलं प्रुफ शेवटचं यावरून रोज विचारणा व्हायची, म्हणून यंदा ठरवलं की ऑफिसातल्या मोठ्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहेच, त्याच्यावरच प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट द्यायचं आणि सगळ्यांचा मिळून एक फोल्डर करायचा. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे असल्यामुळे हे कामही माझ्याकडे आलं. त्यात जे जे समोर आलं ते सविस्तर लिहितोय, कारण मराठीत यावर सापडतं ते बहुतेक "७७७ द्या, चालेल" इथेच थांबतं, आणि ते मला अजिबात पटत नाही.

७७७ का नाही ते आधी सांगतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक, एक ग्रुप आणि बाकीचे असे तीन खण असतात आणि प्रत्येक खणात वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन परवानग्या, ४ अधिक २ अधिक १, म्हणून ७. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही अकाउंटला, अगदी एखाद्या बॅकग्राउंडला चालणाऱ्या सर्व्हिसच्या अकाउंटलासुद्धा, सगळं करायची मुभा. बरं एवढं देऊनही काम होत नाही, कारण तुम्ही ७७७ दिलं ते आज असलेल्या फाइलींना. उद्या ताई नवीन लेख टाइप करून सेव्ह करेल ती फाइल तिच्या नावाने, तिच्या ग्रुपने आणि ६४४ ने तयार होईल, म्हणजे काकांना वाचता येईल पण सुधारता येणार नाही, आणि मग परत कोणीतरी टर्मिनल उघडून परत ७७७ मारणार. सगळी मेख इथे आहे. शेअर्ड फोल्डर लावताना आजच्या फाइलींपेक्षा उद्या तयार होणाऱ्या फाइली कशा जन्माला येतील ते बघायचं असतं.

पहिला प्रश्न फोल्डर ठेवायचा कुठे. मॅडमचं म्हणणं होतं की माझ्याच डॉक्युमेंट्समध्ये आहे की सगळं, तोच फोल्डर सगळ्यांना खुला कर. दिसायला सोपं वाटतं पण आमच्या डेबियनवर होम फोल्डर, म्हणजे प्रत्येक अकाउंटचे स्वतःचे फोल्डर, ७०० ने बनलेले, म्हणजे मालकाशिवाय आत कोणी पाऊलच टाकू शकत नाही, आणि उबुंटूतही २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० झालेत. फोल्डरच्या बाबतीत ती तिसरी परवानगी, एक्स, म्हणजे आत शिरायची परवानगी असते, आणि आतल्या फाइलीपर्यंत पोचायला रस्त्यातल्या प्रत्येक फोल्डरला ती लागते. आतला फोल्डर कितीही मोकळा ठेवा, वरचा बंद असला की संपलं, घराची किल्ली हातात आहे पण गल्लीचं गेटच बंद, तसं. मॅडमचं होम मोकळं करायचं तर त्यांच्या बाकी खाजगी गोष्टींचं काय, म्हणून मी तो मार्ग सोडला आणि रूटखाली, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरखाली, जो एसआरव्ही नावाचा फोल्डर असतो, जो मशीन इतरांना पुरवत असलेल्या डेटासाठी ठरवलेला आहे, तिथे अंक नावाचा फोल्डर केला.

मग ग्रुप. ग्रुपॲड या कमांडने अंक नावाचा ग्रुप केला आणि ताई, काका, मॅडम, ऑपरेटर यांना त्यात घातलं. इथे एक गोष्ट फार जपून करायची. युजरमॉडने ग्रुपमध्ये घालताना मोठ्या जीच्या आधी छोटा ए, म्हणजे -aG, द्यायलाच हवा, तो राहिला तर तो माणूस बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांमधून बाहेर पडतो, त्यात सुडोचा, म्हणजे ॲडमिनची कामं करू देणारा, ग्रुपही आला, आणि मशीनवर सुडो असलेलं ते एकच अकाउंट असलं तर पुढचा सगळा दिवस रिकव्हरी मोडमध्ये जातो. डेबियनवर ॲडयुजर, मग माणसाचं नाव, मग ग्रुपचं नाव असं लिहिलं की तेच काम होतं आणि ही भानगडच राहत नाही, मी तेच वापरतो आणि सगळ्यांना तेच सांगतो.

ग्रुपमध्ये घातल्यावर लगेच काही होत नाही हेही माहीत असलेलं बरं. ताई आधीपासून लॉगिन होती, तिला फोल्डर उघडेना, तर ती म्हणाली, "अरे तू तर म्हणालास झालं म्हणून." ग्रुपची यादी लॉगिन करतानाच वाचली जाते, त्यामुळे पूर्ण लॉगआउट करून परत आत यायला लागतं. नुसतं टर्मिनल बंद करून नवीन उघडल्याने होत नाही. हल्लीच्या डेस्कटॉपवर तर सिस्टिमडीचा (सिस्टिममधल्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) युजर सेशन मागे चालू राहू शकतो आणि जुनीच यादी धरून बसतो, तेव्हा सरळ एकदा रिस्टार्ट केलेलं उत्तम. आयडी ही कमांड मारली की आत्ताच्या सेशनला खरंच कुठले ग्रुप मिळालेत ते दिसतं, आणि आयडीच्या पुढे युजरचं नाव लिहिलं तर कागदावर कुठले ग्रुप आहेत ते. दोन्हींत फरक दिसला की लॉगआउट बाकी आहे हे समजायचं.

आता मुख्य काम. फोल्डरचा मालक रूट (सगळे अधिकार असलेलं अकाउंट) ठेवला, ग्रुप अंक, आणि परवानगी २७७०. पुढचा तो २ म्हणजे सेटजीआयडी, आणि शेअर्ड फोल्डरचा अर्धा जीव त्याच्यात आहे. तो लावला की त्या फोल्डरात जी फाइल तयार होईल तिचा ग्रुप बनवणाऱ्याचा न होता फोल्डरचा होतो, आणि आत सबफोल्डर केला तर त्यालाही तोच २ आपोआप लागतो. एलएस मायनस एल या फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ग्रुपच्या एक्सच्या जागी छोटा एस दिसतो. मोठा एस दिसला तर समजायचं की सेटजीआयडी लागलाय पण खालचा एक्सच दिलेला नाही, ते दुरुस्त करायचं. बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यात हे सगळं मुळातच असं चालतं, तिथे नवीन फाइल नेहमी फोल्डरचाच ग्रुप घेते, लिनक्सवर मात्र सांगावं लागतं.

जुनं मॅटर आधीच फोल्डरात टाकलेलं होतं, त्याच्या परवानग्या एकदम लावताना मायनस मोठा आर (-R, म्हणजे आतल्या सगळ्याला) देऊन सगळ्यांना ७७० मारणारे बघितलेत मी, त्याने प्रत्येक लेखाची फाइल आणि प्रत्येक फोटो चालवण्याजोगा प्रोग्रॅम होऊन बसतो. फाइंड या शोधायच्या कमांडने फोल्डर वेगळे काढून त्यांना २७७० आणि फाइली वेगळ्या काढून ६६० द्यायचं, किंवा सीएचमॉड या परवानग्या बदलायच्या कमांडमध्ये मोठा एक्स वापरायचा, तो फोल्डरांना एक्स देतो आणि साध्या फाइलींना देत नाही. दोन ओळींचं काम आहे, आळस करू नये.

हे झाल्यावर टेस्ट केली. टेस्ट करायला प्रत्येकाला उठवून लॉगिन करायला लावायची गरज नाही, सुडो मायनस यू आणि काकांचं युजरनेम देऊन टच या कमांडने एक रिकामी फाइल बनवायची, मग ताईच्या नावाने त्याच फाइलीत एक ओळ घालून बघायची. ग्रुप बरोबर अंक आला होता पण ताईला लिहिता येईना, कारण फाइल ६४४ ने बनली होती, ग्रुपला फक्त वाचायचं. इथे युमास्क आडवा येतो. युमास्क म्हणजे नवीन फाइल बनताना कुठल्या परवानग्या वजा करायच्या तो आकडा, आणि आमच्याकडे तो ०२२ आहे, म्हणजे ग्रुपचं आणि इतरांचं लिहिणं वजा. काही सिस्टिमवर तो ००२ असतो, म्हणूनच एकाच्या मशीनवर नुसता सेटजीआयडी लावून सगळं झकास चालतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर त्याच कमांडी मारून चालत नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो.

युमास्क सगळ्यांसाठी ००२ करता आला असता. पण तो त्या माणसाच्या सगळ्या कामाला लागू होतो, फक्त या फोल्डरला नाही, शिवाय टर्मिनलमध्ये वेगळा, ग्राफिकल सेशनमध्ये वेगळा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) वेगळा असं होऊ शकतं आणि प्रत्येक नवीन अकाउंटला आठवणीने लावत बसायचं. मला असं पाहिजे होतं की नियम फोल्डरला चिकटलेला असावा, माणसाला नाही. त्याचं उत्तर एसीएल, म्हणजे त्या तीन खणांपलीकडे जादा माणसांना किंवा ग्रुपांना परवानगी द्यायची यादी. एपीटीने (डेबियनचं प्रोग्रॅम टाकायचं साधन) त्याच नावाचं पॅकेज टाकलं, ईएक्सटीफोर या लिनक्सच्या डिस्क फॉरमॅटवर तो सपोर्ट चालूच असतो, आणि सेटएफएसीएलने फोल्डरवर दोन गोष्टी लावल्या. एक, अंक ग्रुपला आत्ता सगळ्या परवानग्या, आणि दुसरी, मायनस डी देऊन, डिफॉल्ट म्हणून पण त्याच. ही डिफॉल्ट एंट्री म्हणजेच उद्याच्या फाइलींचा नियम. फोल्डरला डिफॉल्ट एसीएल असली की तिथे नवीन फाइल बनताना युमास्क बघितलाच जात नाही. आत बनणाऱ्या सबफोल्डरांनाही ती पुढे मिळत जाते. फक्त आधीपासून असलेल्या सबफोल्डरांना ती आपोआप जात नाही, त्यांच्यासाठी मायनस मोठा आर देऊन एकदा चालवायचं.

परत टेस्ट. काकांच्या नावाने फाइल, ताईच्या नावाने त्यात ओळ, गेली. एसीएल दाखवणारी गेटएफएसीएल मारून बघितलं तर अंक ग्रुपसमोर आरडब्ल्यूएक्स (वाचणे, लिहिणे, चालवणे) आणि त्याच्या शेजारी इफेक्टिव्ह, म्हणजे खरंच लागू होणारं, म्हणून आरडब्ल्यू. ते बघून घाबरायचं नाही, प्रोग्रॅमने फाइल बनवताना चालवायची परवानगी मागितलीच नव्हती म्हणून मास्कने, म्हणजे एसीएलमधल्या कमाल मर्यादेने, ती कापली, आणि लेखाच्या फाइलीला ती नकोच आहे. हा मास्क नीट समजून घ्या कारण पुढे सगळा घोळ इथेच होतो. एसीएल असलेल्या फाइलीला, म्हणजे एलएसमध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसतं त्या फाइलीला, सीएचमॉडने ग्रुपच्या परवानग्या बदलल्या तर खरं तर मास्क बदलतो. कोणी सवयीने ६४४ मारलं की एंट्री तशीच दिसणार पण इफेक्टिव्ह फक्त वाचायचं राहणार. चालत का नाही ते एलएसमध्ये सहज कळत नाही, गेटएफएसीएलच बघायला लागतं.

यानंतर काही दिवस सुरळीत गेले आणि मग काकांनी हाक मारली. "बघ रे, ही फाइल मला पुसायची का म्हणून विचारतंय, पुसतोय म्हटलं तर पुसली जाईल, पण त्यात एक वेलांटी सुधारायची तर देत नाही, हे कसलं उलटं?" खरंच तसं होतं. लेखकाकडून मेलवर आलेली कथा ताईने डाउनलोड्समधून ओढून थेट अंकाच्या फोल्डरात टाकली होती. होम आणि एसआरव्ही एकाच पार्टिशनवर असल्यामुळे ओढून टाकणं म्हणजे मूव्ह, आणि मूव्हमध्ये नवीन फाइल बनतच नाही, जुनीच फाइल जागा बदलते, जुना ग्रुप आणि जुनी ६४४ घेऊन. सेटजीआयडी, डिफॉल्ट एसीएल हे सगळं फाइल बनतानाच कामाला येतं, सरकवताना नाही. आणि पुसता का येत होती, तर फाइल पुसणे किंवा नाव बदलणे हा फोल्डरमध्ये लिहिण्याचा प्रकार आहे, त्याला फोल्डरची परवानगी लागते, फाइलीची नाही. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे पान फाडायचा हक्क आहे, पानावर लिहायचा नाही," आणि ते अगदी बरोबर होतं.

यावर दोन गोष्टी केल्या. ताईला सांगितलं की ओढू नकोस, कंट्रोल सी कंट्रोल व्ही कर, कॉपी केली की नवीन फाइल बनते आणि फोल्डरचा ग्रुप घेते, मूळ फाइल ६४४ असली तर ग्रुपचं लिहिणं मात्र राहून जातं. पण कामाच्या घाईत माणूस ओढणारच, त्यासाठी माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही, म्हणून दर तासाला क्रॉनमधून एक छोटी स्क्रिप्ट चालते, जी अंकाच्या फोल्डरातल्या आवक (आलेलं मॅटर) आणि प्रुफं या दोन सबफोल्डरांमध्ये ज्या फाइलींचा ग्रुप अंक नाही किंवा ज्यांत ग्रुपला लिहिता येत नाही त्या शोधून त्यांचा ग्रुप बदलते आणि ग्रुपला वाचण्या-लिहिण्याची परवानगी देते. तेव्हापासून काकांची ती तक्रार आलेली नाही.

जाहिरातींच्या फोल्डरात वेगळंच शिकायला मिळालं. कोणाकडून किती पैसे आले, कोणाचे बाकी आहेत हे वहिनी आणि मॅडम सोडून कोणाला दिसू नये असं ठरलं होतं, आणि ते रास्तच आहे. जाहिरात नावाचा वेगळा ग्रुप केला, अंकाच्या फोल्डरातच जाहिराती असा सबफोल्डर केला, त्याचा ग्रुप बदलला, २७७० दिलं. एलएसमध्ये सगळं ठीक दिसत होतं, फक्त शेवटी ते अधिकचं चिन्ह. गेटएफएसीएल बघितलं तर अंक ग्रुपची एंट्री पूर्ण परवानग्यांसकट तिथे हजर, कारण सबफोल्डरने वरच्या फोल्डरची डिफॉल्ट एसीएल जन्मतःच घेतली होती आणि चेंजग्रुप काय किंवा सीएचमॉड काय, ती एंट्री काढत नाहीत. म्हणजे ज्यांच्यापासून हिशेब लपवायचा त्यांनाच तो उघडा. सेटएफएसीएल मायनस बी मारून सगळ्या जादा एंट्र्या पुसल्या आणि मग जाहिरात ग्रुपची डिफॉल्ट नव्याने लावली. ज्यांना कोणाला सामायिक फोल्डराच्या पोटात खाजगी फोल्डर करायचाय त्यांनी हे तपासल्याशिवाय त्यात एकही फाइल टाकू नये असं मी कळकळीने सांगेन.

तेवढं झाल्यावर वहिनींनाच आत जाता येईना. त्या जाहिरात ग्रुपमध्ये होत्या, फोल्डर त्यांच्या ग्रुपचा, परवानगी बरोबर, लॉगआउट करून झालेलं. इथे नेमआय नावाची कमांड फार उपयोगी पडली, मायनस एल देऊन पूर्ण पाथ दिला की रूटपासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. लगेच दिसलं, वहिनी अंक ग्रुपमध्ये नव्हत्या आणि वरचा अंक फोल्डर इतरांना पूर्ण बंद. त्यांना अंक ग्रुपमध्ये घालायचं नव्हतं, लेखांशी त्यांचा संबंध नाही आणि त्यांनाही तो नको होता. मग वरच्या फोल्डरवर जाहिरात ग्रुपला फक्त एक्स दिला, वाचणं नाही, लिहिणं नाही. त्यामुळे त्या आरपार जाऊ शकतात पण मधल्या फोल्डरात काय काय आहे त्याची यादी त्यांना दिसत नाही, आणि फाइल मॅनेजरमध्ये थेट जाहिरातींच्या फोल्डरचं बुकमार्क करून दिलं. एवढी बारीक सोय जुन्या तीन खणांच्या पद्धतीत करता आली नसती, एसीएलचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते यासाठी.

मॅडमनी मधेच विचारलं की कोणी चुकून दुसऱ्याचं मॅटर पुसलं तर काय, तसं होऊ नये अशी काही सोय नाही का. आहे, स्टिकी बिट. लिनक्सचा तात्पुरत्या फाइलींचा टेम्प फोल्डर १७७७ असतो तो त्याचसाठी, तिथे सगळे लिहू शकतात पण दुसऱ्याची फाइल पुसू शकत नाहीत, फाइलीचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट यांनाच ते जमतं. आमच्या फोल्डरला ३७७० दिलं असतं की झालं. मी विचार करून ते टाळलं. लिब्रेऑफिसमध्ये कोणी फाइल उघडली की शेजारी एक लपलेली लॉक फाइल बनते, तिचं नाव बिंदूने सुरू होतं म्हणून नेहमीच्या यादीत ती दिसत नाही. काम चालू असताना लाइट गेली तर ती तशीच राहते, आणि पुढच्या माणसाला सांगितलं जातं की ही फाइल अमक्याने उघडलेली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात हे नित्याचं. कंट्रोल एच दाबून ती लॉक फाइल पुसली की मार्ग मोकळा, पण स्टिकी बिट असता तर काकांना ताईची लॉक फाइल पुसताच आली नसती आणि ती येईपर्यंत थांबायला लागलं असतं. शिवाय काही प्रोग्रॅम सेव्ह करताना आधी नवीन तात्पुरती फाइल लिहितात आणि मग ती जुनीच्या जागी सरकवतात, दुसऱ्याच्या फाइलीच्या बाबतीत स्टिकी बिट तेही होऊ देत नाही. सतत एकमेकांच्या फाइली सुधारायच्या असतात तिथे तो कामाच्या आड येतो. पुसलं जाण्यावर खरा उपाय बॅकअप.

बॅकअपचं सांगायचं तर रोज रात्री आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने बाहेरच्या डिस्कवर कॉपी जाते. आरसिंकचा नुसता मायनस ए एसीएल नेत नाही, त्यात मोठा ए पण द्यावा लागतो. आणि डिस्क ईएक्सटीफोरसारख्या लिनक्सच्या फॉरमॅटची पाहिजे. विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या, एफएटी किंवा एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर मालक, ग्रुप, एसीएल यातलं काहीच टिकत नाही, तिथे सगळ्या फाइली माउंट करताना जो मालक ठरवला त्याच्या होऊन बसतात. मॅटर सुरक्षित राहील, पण परत आणल्यावर परवानग्या पहिल्यापासून लावा.

पानं लावणारा ऑपरेटर विंडोजवर, कारण त्याचा लेआउटचा सगळा जम तिथे बसलेला, त्याला लिनक्सवर ओढण्यात काही अर्थ नव्हता. त्याच्यासाठी सांबा (विंडोजला लिनक्सवरचे फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) टाकला आणि फक्त पानं हा सबफोल्डर शेअर केला, व्हॅलिड युजर्समध्ये ॲटचं चिन्ह लावून अंक ग्रुप. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, एसएमबीपासडब्ल्यूडी मायनस ए ने तो स्वतंत्र द्यावा लागतो, लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून हा बदललाच असं नाही. आता ऑपरेटरने पान सेव्ह केलं की मॅडमना ते उघडायचं पण त्यात खूण करता यायची नाही. डिफॉल्ट एसीएल असूनही. गेटएफएसीएलमध्ये इफेक्टिव्ह फक्त आर. सांबाचा क्रिएट मास्क काही सांगितलं नाही तर ०७४४ असतो, म्हणजे फाइल बनतानाच ग्रुपला फक्त वाचणं मागितलं जातं आणि एसीएलचा मास्क तेवढाच होतो. कॉन्फिग फाइलमध्ये क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७० आणि फोर्स ग्रुप अंक असं लिहिलं, टेस्टपार्मने ती फाइल तपासली, सर्व्हिस रिस्टार्ट केली. त्यानंतर बनलेली पानं ठीक झाली, आधीची हाताने करावी लागली.

याच सुमारास एक फाइल विंडोजवरून येईचना आणि परवानगी तर सगळी बरोबर. ते परवानगीचं नव्हतंच, नावाचं होतं. लेखकाने लेखाचं पूर्ण शीर्षक, उपशीर्षक, स्वतःचं नाव आणि दिवाळी अंकासाठी असं सगळं फाइलीच्या नावात देवनागरीत लिहिलेलं. ईएक्सटीफोरवर नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं आणि युटीएफ ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजून, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोज मोजतं वेगळ्या पद्धतीने, तिथे असं नाव खपून जातं. मराठीत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, इंग्रजीतल्या मदतीत हे सहसा भेटत नाही कारण त्यांना फारसं अडत नाही.

छपाईला द्यायच्या आधी अंतिम नावाचा फोल्डर केला, त्यात मॅडम आणि ऑपरेटर लिहिणार, बाकी अंक ग्रुप फक्त वाचणार. त्या दोघांना नावाने एंट्री दिल्या आणि अंक ग्रुपला वाचणं आणि आत शिरणं तेवढंच, डिफॉल्टमध्येही तसंच. काकांना थोडं लागलं. म्हणाले, शेवटच्या क्षणी एखादी चूक दिसली तर मी काय करू. मॅडम म्हणाल्या, "काका, मला सांगा, मी तुमच्यासमोर करते, पण फर्मा बसल्यावर दोघांनी दोन ठिकाणी एकदम हात लावायला नको." हे मला पटलं, कारण एक ओळ इकडची तिकडे झाली तर १६ पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, हलतो. परवानग्या म्हणजे अविश्वास असं कोणाला वाटू नये म्हणून मी तेव्हा बसून सगळ्यांना दाखवलं की कोणाला कुठे काय करता येतं, आणि तो तक्ता छापून भिंतीवर लावला, कारण कमांडी माझ्याकडे असल्या तरी नियम सगळ्यांना माहीत पाहिजेत.

अंक छपाईला गेल्यावर टायपिंगवाली ताई दुसरीकडे लागली. तिचं अकाउंट डिलीट करून टाक असं सुचवलं गेलं, पण ते मी केलं नाही. फाइलीवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, एक आकडा असतो, युजर आयडी, आणि अकाउंट उडवलं की एलएसमध्ये नावाच्या जागी तो उघडा आकडा दिसायला लागतो. पुढे नवीन माणूस आला आणि त्याला तोच आकडा मिळाला तर तिच्या सगळ्या फाइलींचा मालक तो होतो, कोणी काही न करता. म्हणून युजरमॉड मायनस मोठा एल ने अकाउंटचा पासवर्ड लॉक केला, जीपासडब्ल्यूडी मायनस डी ने तिला अंक ग्रुपमधून काढलं, सांबाच्या यादीत तिचं नाव नव्हतंच. फाइली तिच्याच नावावर राहिल्या आणि ग्रुपला लिहायची परवानगी असल्यामुळे काकांचं आणि मॅडमचं काम कुठे अडलं नाही. नवीन मुलगी आली तेव्हा अकाउंट केलं, अंक ग्रुपमध्ये घातलं, एकदा लॉगआउट-लॉगिन करायला सांगितलं आणि तिने दुपारपर्यंत पहिला लेख आवकमध्ये टाकलाही, बाकी कशालाही हात लावायला लागला नाही.